सिमला ऑफिस आणि एल निनो: गिल्बर्ट वॉकर यांची गोष्ट

पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाचा चौक आहे. पुण्यात सिमला कुठून आलं? हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे हलवलं, तेव्हापासून हे नाव चिकटलं. आज आपल्या मोबाईलवर येणाऱ्या एल निनोच्या बातम्यांचं मूळही त्याच सिमल्याच्या ऑफिसात सापडतं.

गिल्बर्ट वॉकर यांचा जन्म १८६८ चा, इंग्लंडमधल्या रॉचडेलचा. केंब्रिजला ते गणितात पहिले आले. बूमरँग फेकायचा भारी नाद, म्हणून टोपणनावही बूमरँग वॉकर! हवामानशास्त्राशी मात्र त्यांचा काहीच संबंध नव्हता. तरी १९०४ मध्ये भारताच्या हवामान खात्याची सूत्रं त्यांच्याकडे आली.

काम सोपं नव्हतं. १८९९ मध्ये मान्सून दगा देऊन गेला होता आणि दुष्काळात लाखो माणसं मेली होती. असं पुन्हा होणार असेल तर आधी कळेल का, हा खरा प्रश्न होता.

कॉम्प्युटर नव्हताच. वॉकर यांनी जगभरातून हवेचा दाब, तापमान आणि पावसाचे आकडे गोळा केले. भारतीय कारकुनांची फौज बसवून, कुठला आकडा कुठल्या आकड्यासोबत बदलतो ते हाताने काढून घेतलं. म्हणजे आजच्या भाषेत डेटा सायन्सच!

त्यातून एक झोका दिसला. पॅसिफिकच्या पूर्वेकडे दाब वाढला की इंडोनेशिया-हिंदी महासागराकडे घटतो आणि उलटही होतं. याला त्यांनी सदर्न ऑसिलेशन म्हटलं.

पण हे का होतं, ते त्यांना सांगता आलं नाही. त्यामुळे अनेकांनी शंका घेतली. मान्सूनचा भरवशाचा अंदाजही हाती लागला नाही. १९२४ मध्ये ते मायदेशी परतले आणि १९५८ मध्ये वारले.

उत्तर मिळालं ते ११ वर्षांनी. १९६९ मध्ये जेकब बियर्कनेस यांनी दाखवलं, की हा झोका आणि पॅसिफिकचं तापणारं पाणी, म्हणजे एल निनो, एकमेकांत गुंतलेले आहेत. विषुववृत्तावरच्या त्या वाऱ्यांच्या चक्राला त्यांनी वॉकर यांचंच नाव दिलं: वॉकर सर्क्युलेशन.

आज पॅसिफिकमध्ये तरंगते बोये पाण्याचं तापमान मोजून सॅटेलाईटने पाठवतात. ताहिती आणि डार्विन इथल्या दाबातला फरक तर अजूनही बघतात. आकडे आता सेकंदात येतात, पण कुठे बघायचं ते कारकुनांच्या त्या वह्यांनी आधीच दाखवून ठेवलं होतं.