तारेखालचा दोरा

शहापुरात पाऊस लागला की आमच्या घरातला तंबोरा आजारी पडतो. माहुलीचा किल्ला दिवसचे दिवस ढगातून बाहेर येत नाही, भिंतींना ओल चढते, खुंट्या फुगून जागच्या जागी अडकतात. तंबोरा मिरजेचा, वडिलांच्या वेळचा. गेल्या श्रावणात त्याची जवारी बिघडली. तार छेडली की नाद फुलण्याऐवजी नुसती खरखर. मुरबाडला एक सुतार ओळखीचे आहेत. नांगरापासून देव्हाऱ्यापर्यंत काहीही घडवून देतात. किन्हवली-सरळगावमार्गे एस.टी.त तंबोरा मांडीवर घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी घोडीवरून बोट फिरवलं आणि हे रंध्याचं काम नव्हे, असं सांगून चहा पाजून मला परत पाठवलं. शहाणा माणूस. मी मात्र घरी येऊन स्वतःच कानस हातात घेतली. पाच मिनिटांत तंबोरा मुका झाला.

त्या रात्री झोप आली नाही. पडल्या पडल्या आठवण झाली ती अब्दुल करीम खाँसाहेबांची. त्यांच्या गाण्याच्या तबकड्या आपण सगळ्यांनीच ऐकल्या आहेत. पण हा गवई वाद्यदुरुस्तीची हत्यारं जवळ बाळगून असे आणि आपल्या तंबोऱ्याची जवारी स्वतः काढी, ही गोष्ट त्यांच्या गाण्याबद्दल बोलताना आपण उगाच बाजूला ठेवतो. मला तर वाटतं, त्यांच्या गाण्याची किल्लीच तिथे आहे.

जवारी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. शेजारच्या मुलाकडे गिटार आहे. तिच्या घोडीवर तार एका अरुंद कडेवर टेकते आणि तिथून सरळ सुटते. तंबोऱ्याची घोडी चांगली रुंद असते. तिचा शिंगाचा किंवा हाडाचा माथा सपाट दिसतो, पण त्याला डोळ्यांना कळणार नाही इतका उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार त्या उताराला पुन्हापुन्हा चाटून जाते आणि त्यातून वरचे स्वर जागे होतात. शेवटी तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवायचा. तो नेमक्या जागी आला की आवाज उमलतो, तसूभर पुढेमागे झाला की मिटतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कलकत्त्याला असताना, १९२१ च्या सुमारास, या घोडीवर शोधनिबंध लिहिला. तारेच्या ज्या बिंदूवर बोट लागतं तिथे ज्यांचा कंप शून्य, ते वरचे स्वर नियमाप्रमाणे उमटायलाच नकोत. तंबोऱ्यात ते खुशाल उमटतात, हे त्यांनी दाखवलं. खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गांधारही अशाच वरच्या स्वरांपैकी एक.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, उत्तरेत कुरुक्षेत्राजवळच्या किराण्याचा. घर सारंगियांचं आणि बीनकारांचं. गळ्याआधी त्यांचा हात तारेवर बसला असणार, कारण सारंगी, बीन, सतार हे सगळं ते शिकले होते. (दोन भोपळ्यांची ती बीन पाहिली की मला आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारली भगतांची घांगळी आठवते. तिलाही दोनच भोपळे.) ऐन तारुण्यात ते बडोद्याला सयाजीरावांच्या दरबारी गायक झाले. तिथे सरदार माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकली आणि दोघांनी लग्न ठरवून बडोदं सोडलं. त्या काळात केवढा गहजब झाला असेल!

पुढे मिरजेत त्यांना प्लेगनं गाठलं. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी सेवा केली, दुखण्यातून ते उठले आणि मिरज त्यांची झाली. गावही असं, की तिथे त्यांच्याआधीच तंतुवाद्यांचा धंदा रुजलेला. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तो सुरू केला. पंढरपूरकडचे भोपळे, लाकडाची दांडी, आणि तलवारीवर तयार झालेला हात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची मुळं तिथली. असा कान आणि असे कारागीर एका गावात यावेत, हा योग मला तरी दर्ग्याच्या कृपेइतकाच मोठा वाटतो.

सांगलीचे देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स श्रुतींची मोजदाद करत होते, त्या प्रयोगांना खाँसाहेबांनी आपला गळा दिला. पुण्यात १९१३ मध्ये त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य. दक्षिणेत जाऊन त्यांनी त्यागराजांच्या रचना आत्मसात केल्या आणि तबकडीवरही गायल्या.

मात्र घर टिकलं नाही. १९२२ मध्ये ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या, मुलांची नावंही बदलली. चंपाकली हिराबाई झाली. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही नावं महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली, पण त्यांत बापाचं नाव नव्हतं. स्वराचा बालभर फरक ज्याला सोसत नसे, त्यानं हे कसं सोसलं असेल? त्यानंतरच्या त्यांच्या तबकड्या ऐका. बारीक, उंच, जराही जोर न लावता सोडलेला आवाज. तो तंबोऱ्यावर बसत नाही, तंबोऱ्यातून निघतो. चांगली जवारी लागलेल्या तारेसारखीच त्याला एक झिणझिण आहे, आणि ती गळ्यात आपोआप आली, असं मला वाटत नाही.

१९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीला श्रीअरविंदांच्या आश्रमाकडे जाताना वाटेत त्यांची छाती दुखू लागली. सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले, फलाटावर अंथरूण टाकून बसले आणि दरबारीत देवाला आळवत २७ तारखेला तिथेच गेले. त्यांना मिरजेत आणून दर्ग्यातच माती दिली. तिथे उरुसात अजून गाणं होतं.

आमची मुलगी सध्या मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर रियाज करते. तो सुरात असतो, पावसानं बिघडत नाही, आणि वडिलांच्या तंबोऱ्याचं मी काय केलं, हे ती बोलून दाखवत नाही. दसऱ्यानंतर मिरजेला जायचं ठरवलं आहे. आसनगावहून कल्याण आणि पुढे गाडी. घोडीचा माथा आता नवाच बसवावा लागणार, हे मला कळतं. तरी रोज सकाळी मी तारांखाली दोरा सरकवून बघतो. काल खर्जाची तार क्षणभर बोलली. बाकीच्या तीन अजून गप्पच आहेत.