माशांचा वकील

मे महिन्याच्या अखेरीस डोलवीच्या खाडीकाठी उभे राहिले की नदी कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही. सह्याद्रीतून उतरलेली आंबा नदी जांभूळपाडा, पाली, नागोठणे करीत इकडे येते आणि धरमतरच्या खाडीत मिसळून जाते. उन्हाळ्यात वरून येणारे गोडे पाणी जवळजवळ आटलेले असते. भरतीचे खारे पाणी मात्र दिवसातून दोनदा आत शिरते. वरच्या अंगाला नदीचे नुसते डोह उरतात. डोहांत अडकलेले मासे पहिल्या पावसाची वाट पाहतात, आणि आम्ही माणसे त्या माशांची.

पहिला दणका बसला की वलगण चढते. अंड्यांनी भरलेले मासे ओहोळांतून, भातखाचरांतून पाण्याच्या उलट वर निघतात. लहानपणी बत्तीच्या उजेडात मीही ते पोत्याने भरले आहेत. त्यात काही चुकते आहे, असे तेव्हा कुणालाच वाटत नव्हते. पुढे एका ग्रंथालयात डॉ. फ्रान्सिस डे भेटले, आणि वलगणीच्या कालवणाची चव थोडी बदलली.

डे यांचा जन्म १८२९ चा, इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातला. शिक्षण वैद्यकीचे. १८५२ मध्ये ते कंपनी सरकारच्या मद्रास वैद्यकीय सेवेत दाखल झाले. कोचीनला असताना माशांनी त्यांना जे धरले, ते मरेपर्यंत सोडले नाही. मलबारच्या माशांवरचा त्यांचा ग्रंथ १८६५ मध्ये आला. त्याच दशकात नीलगिरीच्या थंड ओढ्यांत विलायती ट्राउट रुजवण्याचाही त्यांनी खटाटोप केला. तो फसला. ट्राउट तिथे रुजला तो विसाव्या शतकाच्या आरंभी, दुसऱ्यांच्या हातून.

त्यांच्या आयुष्याला वळण दिले ते एका धरणाने. दक्षिणेत कावेरीच्या कोलेरून फाट्यावर सर आर्थर कॉटन यांनी बंधारा घातला होता. शेतीचे सोने झाले. पण समुद्रातून नदीत चढून अंडी घालणारा हिलसा, म्हणजे बंगाल्यांचा इलिश, त्या भिंतीशी येऊन थबकू लागला. गंमत अशी की १८६७ मध्ये याकडे सरकारचे लक्ष वेधले ते खुद्द कॉटन यांनीच. चौकशीचे काम डे यांच्याकडे आले. इंग्लंडात सामन मासा असाच समुद्रातून नदीत चढतो. उन्हाळ्यात पाणी उतरले की तो नदीच्या मुखाशी खोळंबतो आणि पावसाचा लोंढा आला की वर सुटतो. त्याच्यासाठी तिकडे १८६१ मध्येच कायदा झाला होता. मग हिंदुस्थानच्या माशांनी काय पाप केले होते?

डे यांनी देशभर नद्या पालथ्या घातल्या. गोड्या पाण्यातल्या मासेमारीवरचा त्यांचा अहवाल १८७३ मध्ये निघाला. त्यांचे म्हणणे साधे होते. जाळ्याच्या आसाला किमान माप हवे, म्हणजे पिल्ले सुटतील. बंधाऱ्यात माशांना चढायला वाट ठेवावी. आटलेल्या डोहात विष कालवून सगळेच मारू नये. नदी आटते तेव्हा मासा पळू शकत नाही, आणि नेमके तेव्हाच त्याला मारणे सर्वांत सोपे असते; उन्हाळ्याचे सारे दुखणे एवढ्यात आले. अर्थात साहेबाच्या नजरेची मर्यादा त्यांनाही होती. ओहोळावर पोट भरणाऱ्या गरिबाने उन्हाळ्यात खावे काय, या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या कलमात मिळत नाही.

सरकारने अहवाल घेतला आणि कायदा मात्र लांबवला. डे यांनी लेखणी थांबवली नाही. १८७५ ते १८७८ या काळात भारतातील माशांवरचा त्यांचा महाग्रंथ सचित्र भागांतून प्रसिद्ध झाला. आजही या देशातला मासा ओळखायचा तर अभ्यासकाला त्या पानांशी यावे लागते. मधेच, १८७७ मध्ये, ते सेवानिवृत्त होऊन मायदेशी परतले. तिथे त्यांनी सामनच्या कुळाचा ध्यास घेतला, स्कॉटलंडमधल्या हाउएटाउनच्या मत्स्यबीज केंद्रातले प्रयोग अभ्यासले आणि १८८७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. ब्रिटिश म्युझियमचे आल्बर्ट ग्युंथर यांच्याशी त्यांचे हाडवैर होते. त्यामुळे भारतातून जमवलेल्या नमुन्यांचा एक मोठा भाग लंडनला न राहता सिडनीच्या संग्रहालयात गेला. विद्वानांचे भांडणही असे सातासमुद्रापार पोचते!

१० जुलै १८८९ रोजी चेल्टनहॅमला डे वारले. ज्या कायद्यासाठी ते झगडले, तो त्यांच्या मृत्यूनंतर ८ वर्षांनी, १८९७ मध्ये झाला. पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष घालून मासे मारणे गुन्हा ठरला. शिक्षा २ महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. वकील गेल्यावर निकाल लागला, तोही अर्धामुर्धा.

हे सारे डोलवीत का आठवावे? मुंबईच्या हॉटेलांत ज्याला इंडियन सामन म्हणतात तो आपला रावस. त्याचे सामनशी नाते नाही. पण आमच्या खाडीत सामनच्या उलट चालीचा एक मासा आहे, जिताडा. तो गोड्या-मचूळ पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला खाऱ्याकडे उतरतो. आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे मोठे जिताडे बेसुमार मारले, तर माद्याच संपतात. पेण-अलिबागच्या खारेपाटात जावयाला जिताडा खाऊ घालण्याची ऐट आहे. त्याची पिल्ले खाडीतून आणून तळ्यात वाढवतात. म्हणजे तळ्याची ऐटसुद्धा खाडीच्या जिवावरच.

आता नागोठण्याला बंधारा आहे, डोलवीला पोलादाचा कारखाना आहे, खाडीतून मालाचे बार्ज जातात. पाणी शेतीला हवे, कारखान्याला हवे, घरोघरी नळाला हवे. या वाटणीत माशाचा वाटा मागणारा कुणी नसतो. वरच्या डोहांत अजूनही कुठे जिलेटिन उडते, कुठे कीटकनाशकाची बाटली रिकामी होते. पूर्वी गेळाची फळे ठेचून टाकीत. त्याने मासा गुंगायचा. बाटलीतल्या विषाने डोहच मरतो.

यंदा वलगण चढली तेव्हा मी ओहोळावर गेलो होतो. पोरे पाण्यात उतरली होती, ओरडत होती, मलाही हाक मारत होती. त्यांना अडवण्याचा अधिकार मला नव्हता. मी त्यांच्याच वयात तेच केले होते. एवढेच म्हणालो की पोटात गाभोळी असलेली सोडा, बाकीची न्या. एकाने माझ्याकडे पाहिले, हातातली फुगलेली मासळी चाचपली आणि पाण्यात टाकली. ती वरच्या अंगाला गेली. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या वकिलाचे एवढे एक अशील तरी त्या रात्री सुटले.