विश्लेषण : फ्रान्सच्या अध्यक्षांनी प्रोस्टेटचा कर्करोग ११ वर्षे का लपवला?

फ्रान्सचे माजी अध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ यांचे ८ जानेवारी १९९६ रोजी प्रोस्टेटच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांना हा आजार असल्याचे देशाला सप्टेंबर १९९२ मध्ये कळले. निदान मात्र नोव्हेंबर १९८१ मध्येच झाले होते. दर सहा महिन्यांनी आपल्या प्रकृतीचा अहवाल जाहीर करू, असे आश्वासन देऊन सत्तेवर आलेल्या या नेत्याने सुमारे ११ वर्षे एक शब्दही बाहेर जाऊ दिला नाही. प्रोस्टेटच्या तपासणीचे नाव काढले की विषय बदलणारे पुरुष सगळीकडे असतात. मितराँ यांची गोष्ट त्याच संकोचाची आहे, फक्त तिला राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाचे दरवाजे होते.

कोण होते मितराँ?

जन्म २६ ऑक्टोबर १९१६ चा, नैऋत्य फ्रान्समधील जार्नाक या छोट्या गावातला. वडिलांचा व्हिनेगरचा व्यवसाय, घरात आठ भावंडे. दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये ते जर्मनांच्या हाती सापडले आणि दोन प्रयत्न फसल्यावर तिसऱ्यांदा युद्धकैद्यांच्या छावणीतून निसटले. त्यानंतर जर्मनधार्जिण्या व्हिशी सरकारात नोकरी आणि पुढे त्याच जर्मनांविरुद्धच्या भूमिगत चळवळीत काम, असा दुहेरी प्रवास त्यांनी केला. आयुष्याचे कप्पे एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची सवय त्यांना तेव्हापासूनची असावी. दानिएल यांच्याशी संसार सुरू असताना त्यांचे दुसरे कुटुंबही होते. १९७४ मध्ये जन्मलेली मुलगी मझारीन सर्वसामान्यांच्या नजरेस पडली ती १९९४ मध्ये, एका साप्ताहिकाने छायाचित्रे छापल्यावर.

अध्यक्षपदाच्या निवडणुकीत १९६५ आणि १९७४ मध्ये हरल्यानंतर १० मे १९८१ रोजी ते जिंकले. फाशीची शिक्षा त्याच वर्षी रद्द झाली. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयासमोरचा काचेचा पिरॅमिड ही त्यांच्याच कारकीर्दीतली खूण.

निदान कसे झाले?

सत्तेवर येऊन सहा महिनेही झाले नव्हते. १९८१ च्या शरद ऋतूत पाठ आणि पाय दुखू लागले. दुखणे हटेना, तेव्हा पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास लष्करी रुग्णालयात खोट्या नावाने तपासण्या झाल्या. मूत्रविकारतज्ज्ञ अ‍ॅडॉल्फ स्टेग यांनी निष्कर्ष सांगितला. प्रोस्टेटचा कर्करोग होता आणि तो हाडांपर्यंत पोहोचला होता. अंदाज होता फार तर तीन वर्षांचा. मितराँ ६५ वर्षांचे होते आणि कार्यकाळ सात वर्षांचा होता.

पाठदुखीपर्यंत कळले का नाही?

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेभोवती असते. वयानुसार ती वाढते तेव्हा वाढ बहुधा आतल्या भागात होते, नलिका दाबली जाते आणि लघवीला रात्री दोन-तीनदा उठावे लागते. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. कर्करोग बऱ्याचदा ग्रंथीच्या मागच्या, बाहेरच्या भागात सुरू होतो. तिथे तो नलिका दाबत नाही, त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पसरतो तेव्हा कमरेच्या व पाठीच्या हाडांकडे जाण्याचा त्याचा कल असतो. म्हणून अनेकांचे पहिले लक्षण असते पाठदुखी, आणि पाठदुखीचा संबंध प्रोस्टेटशी जोडणार कोण?

ग्रंथीचा हा मागचा भाग गुदाशयाला लागून असतो. हातमोजा घातलेले बोट गुदद्वारातून आत घालून डॉक्टर तो चाचपू शकतात. गाठ, कडकपणा, खडबडीतपणा हाताला लागतो. तपासणी मिनिटभराचीही नसते आणि सहसा दुखत नाही. पण नेमकी हीच तपासणी पुरुषांना नकोशी वाटते. कुणाला ती पुरुषपणाचा अपमान वाटते, कुणी विनोदावर नेतो, कुणी काही होत नाहीये तर कशाला म्हणून टाळतो. याच्या मुळाशी आणखी एक भीती असते, ती निष्कर्षाची. काही निघालेच तर? लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांना उपचारांचा धक्का बसू शकतो, ही धास्ती खोटी नाही. म्हणून ती बोलून दाखवणे अधिक गरजेचे, पण बोलले जात नाही. बायको मागे लागल्यावर डॉक्टरकडे गेलेला नवराही तिथे रक्तदाबाबद्दलच बोलून येतो.

मितराँ यांच्या वेळी डॉक्टरांच्या हाती साधने कमी होती, हेही खरे. रक्तातील पीएसए या प्रथिनाच्या चाचणीला अमेरिकेत १९८६ मध्ये मान्यता मिळाली, तीही निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यापुरती. आजार शोधण्यासाठी तिच्या वापराला मान्यता मिळायला १९९४ उजाडले. १९८१ मध्ये प्राथमिक तपासणीसाठी मुख्य भिस्त डॉक्टरच्या बोटावरच होती.

गुपित कसे राखले गेले?

आजार हे राज्याचे गुपित आहे, असे मितराँ यांनी डॉक्टरांना बजावले. त्यांचे खासगी डॉक्टर क्लोद ग्युब्लेर यांच्यावर दुहेरी काम आले. एकीकडे उपचार करायचे आणि दुसरीकडे दर सहा महिन्यांच्या अहवालात सर्व काही ठीक असल्याचे लिहायचे. परदेश दौऱ्यांतही उपचार सुरू असत, अर्थात बंद दाराआड. १९८२ च्या अखेरीस मितराँ भारतभेटीवर आले, तेव्हाही पाहुण्याच्या आजाराची जगाला कल्पना नव्हती.

उपचारांचा पाया संप्रेरकांचा होता. हा कर्करोग पुरुषी संप्रेरकांवर पोसला जातो आणि ती रोखली की तो आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये शिकागोत दाखवले होते. त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मितराँ यांना या उपचारांनी अपेक्षेपलीकडे साथ दिली. तीन वर्षांचा अंदाज असलेला माणूस १४ वर्षे जगला आणि १९८८ मध्ये पुन्हा निवडूनही आला. अर्थात मतदारांनी कुणाला मत दिले, हे त्यांना पूर्णपणे ठाऊक नव्हते.

एका रुग्णाच्या नशिबावरून नियम काढता येत नाही. तरी निदान म्हणजे शेवट, असे समजून डॉक्टरकडे न जाणाऱ्यांनी हा भाग लक्षात घ्यावा असा आहे.

लपवण्याचे कारण काय?

त्याला पार्श्वभूमी जॉर्ज पाँपिदू यांची. फ्रान्सचे हे अध्यक्ष एप्रिल १९७४ मध्ये पदावर असतानाच रक्ताच्या दुर्मीळ कर्करोगाने गेले. औषधांनी सुजलेला त्यांचा चेहरा लोकांना दिसत होता आणि सरकार मात्र फ्लूची कारणे देत होते. प्रकृतीबाबत पारदर्शक राहण्याचे मितराँ यांचे आश्वासन त्यातूनच आले होते. सत्तेवर आल्यावर त्याच आठवणीने उलटे काम केले असावे. आजारी अध्यक्षाचे शब्द हलके पडतात, वारसदारांची चर्चा सुरू होते. २३ वर्षांनी सत्तेत आलेल्या डाव्यांना ते परवडणारे नव्हते.

हे राजकीय कारण पटते, पण पुरेसे वाटत नाही. आजार हृदयाचा असता तर इतकी लपवाछपवी झाली असती का, असा प्रश्न उरतो. त्या काळात कर्करोग हा शब्दच दबक्या आवाजात उच्चारला जाई, आणि प्रोस्टेट तर त्याहून नाजूक जागा.

१९९२ मध्ये काय घडले?

युरोपीय एकीकरणाच्या मास्ट्रिश्ट करारावर २० सप्टेंबर १९९२ रोजी फ्रान्समध्ये सार्वमत होते. मितराँ ३ सप्टेंबरला सोरबोनमध्ये दूरचित्रवाणीवरील दीर्घ वादचर्चेत उतरले. आठवडाभरातच, ११ तारखेला, पॅरिसच्या कोशँ रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि कर्करोग असल्याचे काही दिवसांत जाहीर करण्यात आले. सांगताना तो जणू आताच सापडला असे चित्र राहिले. आधीची ११ वर्षे झाकलेलीच होती. करार जेमतेम ५१ टक्के मतांनी तरला.

जुलै १९९४ मध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली. थकलेला, पांढराफटक चेहरा आता लपत नव्हता. त्या वर्षाच्या अखेरीस ते काम करण्याच्या स्थितीत नव्हते, असे ग्युब्लेर यांनी पुढे लिहिले. मितराँ यांनी मात्र कार्यकाळ पूर्ण करूनच मे १९९५ मध्ये पद सोडले. शेवटचा नाताळ त्यांनी इजिप्तमध्ये आस्वान येथे घालवला.

आज तपासणीबाबत काय सांगितले जाते?

पीएसए चाचणी सरसकट सर्वांनी करावी, यावर डॉक्टरांचे एकमत नाही. साध्या वाढीत किंवा संसर्गातही पीएसए वाढते. शिवाय काही कर्करोग इतके संथ असतात की ते शोधून उपचार केल्याने फायद्यापेक्षा त्रास जास्त होतो. अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवा कार्यदलाने २०१२ मध्ये या चाचणीविरुद्ध सल्ला दिला आणि २०१८ मध्ये तो बदलून ५५ ते ६९ वयोगटातील पुरुषांनी डॉक्टरांशी फायदे-तोटे बोलून स्वतः ठरवावे, असे म्हटले. वडील किंवा भावाला हा आजार झालेला असेल तर ही चर्चा लवकर करावी लागते. लघवीतून रक्त येणे किंवा न हटणारी कंबरदुखी असेल, तर तो ऐच्छिक चाचणीचा विषय राहत नाही.

मृत्यूनंतर काय झाले?

अंत्यसंस्कारानंतर आठवडाही उलटला नव्हता, तोच ग्युब्लेर यांचे ‘महागुपित’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक बाजारात आले आणि १९८१ चे सत्य उघड झाले. कुटुंबाने न्यायालयात धाव घेतली, दुसऱ्याच दिवशी विक्री थांबली. तोवर सुमारे ४० हजार प्रती खपल्या होत्या आणि लवकरच मजकूर इंटरनेटवरही आला. गोपनीयतेचा भंग केल्याबद्दल ग्युब्लेर यांना शिक्षा झाली, ती स्थगित ठेवण्यात आली, पण डॉक्टर म्हणून त्यांची नोंदणी गेली. खोटे अहवाल लिहिताना जे झाले नाही, ते खरे लिहिल्यावर झाले. मे २००४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला की शोकाच्या पहिल्या दिवसांतली तात्पुरती मनाई समजण्यासारखी होती, पुस्तकावरची कायमची बंदी मात्र अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होती.