धरणगावचा औट्रमसाहेब

चाळीसगावाहून कन्नडकडे चढणारा जो डोंगररस्ता आहे, त्यास औट्रम घाट असे म्हणतात. सोलापूर-धुळे मार्गाने प्रवास करणाऱ्या सहस्रावधी मंडळींच्या तोंडी हे नाव असते. परंतु हा औट्रम कोण, याचा विचार क्वचितच होतो. सर जेम्स औट्रम याचे नाव लखनौच्या वेढ्याच्या इतिहासात गाजले, आणि बडोद्याच्या जुन्या घराण्यांत खटपटीच्या प्रकरणामुळे ते आदराने व रागानेही उच्चारले गेले. तथापि या पुरुषाच्या स्वभावाची घडण झाली ती खानदेशातील धरणगाव या लहानशा गावी, भिल्लांच्या एका पोलीस पलटणीचा मुख्य या नात्याने.

त्याचा जन्म २९ जानेवारी १८०३ रोजी इंग्लंडातील डर्बीशायर परगण्यात झाला. पिता बेंजामिन औट्रम हा कालवे व रूळमार्ग बांधणारा नामांकित स्थापत्यविशारद. पण तो १८०५ मध्ये अकस्मात निवर्तला आणि कुटुंब विपन्नावस्थेस पोहोचले. मातेने मुलांस स्कॉटलंडात नेऊन मोठ्या कष्टाने वाढविले. जेम्सला धर्मोपदेशकाच्या पेशास लावावे असा घरचा विचार होता, पण त्या मुलास तो मुळीच मानवला नाही. अखेर १८१९ मध्ये कंपनीच्या लष्करात उमेदवारी मिळून तो मुंबईस उतरला. त्या वेळी तो इतका ठेंगणा व कृश होता, की पुढे सैन्यात शरीरबळाची जी कीर्ती त्याने मिळविली तिची कल्पनाही कोणास आली नसती. आरंभीची काही वर्षे तापाने पिडलेली गेली. शिकारीचा नाद मात्र लागला तो कायमचा. ऐन विशीत असता घोड्यावरून भाल्याने रानडुकरे मारण्याच्या एका मोसमात एकूण १२३ डुकरांपैकी ७४ डुकरांवर पहिला भाला याचाच लागला, अशी नोंद आहे. १८२४ मध्ये कित्तूरच्या प्रकरणात तो सैन्याबरोबर होता. १८२५ च्या आरंभी बागलाणातील एका डोंगरी किल्ल्यावर अवघ्या दोनशे शिपायांनिशी अचानक छापा घालून त्याने तेथील बंड मोडले. ही वार्ता गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या कानी गेली आणि त्याच वर्षी एक अवघड काम या तरुण लेफ्टनंटाच्या शिरावर आले.

ते काम समजण्यास खानदेशाची तत्कालीन स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. होळकर व शिंदे यांच्या झुंजी, पेंढाऱ्यांची लूट, १८०३-०४ चा दारुण दुष्काळ यांनी तो सुपीक प्रांत उजाड झाला होता. गावोगाव राखणदारीचे वतन सांभाळणारे भिल्ल सातपुडा व सातमाळा यांच्या आश्रयास जाऊन लुटारू बनले. पेशवाईच्या अखेरच्या काळात त्यांचा जो बंदोबस्त झाला त्याचे वर्णन वाचवत नाही. कोपरगावास सलोख्याच्या बोलण्यास म्हणून बोलाविलेल्या भिल्लांची जी कत्तल झाली, ती आपल्याच माणसांनी केली होती, हे विसरून चालणार नाही. १८१८ नंतर इंग्रजांनीही सात वर्षे पलटणी पाठवून पाहिल्या. शिपाई तापाने मेले, डोंगर तसेच राहिले. शेवटी एल्फिन्स्टनने ठरविले, की भिल्लांस शेतीसाठी तगाई द्यावी, जुने हक्क शक्य तेवढे मान्य करावेत, आणि त्यांच्यातूनच एक दल उभारून प्रांताची राखण त्यांच्याकडेच सोपवावी. कन्नडच्या बाजूस वसाहती घालण्याचे काम इतर अधिकाऱ्यांकडे गेले. दल उभारण्याचे औट्रमकडे आले. मुख्य ठाणे नेमले ते धरणगाव. शिवकालात इंग्रजांची वखार असलेले हे कापडाच्या व्यापाराचे गाव.

भिल्ल नोकरीस यावयास तयार होईनात, आणि त्यात नवल ते काय? ज्यांस सलोख्याच्या नावाने बोलावून मारले, ते पुन्हा कोणाच्या शब्दावर कसे येतील? औट्रमने प्रथम एक छापा घालून काही माणसे धरली. मग त्यांतील काहींस सोडून देऊन उरलेल्यांच्या नातलगांस निरोप धाडला, की भेटीस याल तर तुमची माणसेही सुटतील. अशा रीतीने काही नाईकांशी ओळख झाली. त्यानंतर जे त्याने केले ते त्याच्या वरिष्ठांसही वेडेपणाचे वाटले असावे. तो एकटा त्यांच्याबरोबर रानात गेला, पहाऱ्यावाचून त्यांच्या वस्तीत राहिला, त्यांच्यात निजला. ब्रँडीचाही त्याने मुक्तहस्ते उपयोग केला, हे त्याने स्वतः लपविलेले नाही. परिणाम काय, तर पाच माणसे! पाचच भिल्लांनी त्याच्या दलात नाव घातले. त्यावरच काम तडीस जाईल अशी त्याची खात्री पटली.

दलाची गती येथून वाढली ती मृगयेमुळे. त्या काळी खानदेशात वाघांचा सुळसुळाट एवढा, की गुरे चारावयास सोडणे जिवावरचे होते. औट्रम भिल्लांस घेऊन पायी वाघावर जाई. धोक्याच्या जागी तो पुढे व ते मागे असा त्याचा क्रम असे. एकदा निवडुंगाच्या दाट बेटात वाघ दडून बसला. झाडावर चढूनही दिसेना. तेव्हा भिल्लांची पागोटी एकमेकांस गाठ मारून त्याने दोर करविला, स्वतःस फांदीवरून अधांतरी सोडावयास लाविले आणि लोंबकळत्या स्थितीतच नेम धरून वाघ मारला, अशी हकीकत सांगतात. दहा वर्षांत सुमारे दोनशे वाघांच्या शिकारीत तो हजर होता. आज हा आकडा वाचून अंगावर काटा येतो, आणि तो यावा हेही योग्यच. खानदेशात आता वाघाची चाहूलही दुर्मिळ झाली आहे. परंतु त्या प्रसंगी भिल्लांनी पाहिले ते इतकेच, की हा गोरा मनुष्य त्यांचा जीव धोक्यात घालण्यापूर्वी स्वतःचा घालतो. डोंगरात राहणाऱ्यास माणसाची पारख करण्याचे याहून खात्रीचे साधन ठाऊक नव्हते.

दुसरा एक प्रसंग शिकारीहूनही महत्त्वाचा म्हटला पाहिजे. नवे भरती झालेले भिल्ल घेऊन औट्रम मालेगावच्या छावणीत गेला. तेथे त्याच्या जुन्या पलटणीचे शिपाई होते. त्यांत उच्चवर्णीय पुष्कळ. ते या रानातल्या लोकांची थट्टा करतील, आणि एका कुत्सित शब्दासरशी सगळे दल पळून जाईल, ही भीती होती. घडले ते निराळेच. शिपायांनी भिल्लांस जवळ बसविले, खाऊ घातले, बरोबरीच्या नात्याने वागविले. औट्रमवरील प्रेमापोटी त्यांनी हे केले असेल. पण केले हे खरे. भिल्लांस त्या दिवशी जो मान मिळाला तो त्यांच्या पिढ्यांनी पाहिला नव्हता. पाचांचे शेकडो झाले, कवायत आली, गणवेश आला, आणि ज्या वाटांवर सायंकाळनंतर माणूस फिरकत नसे त्या वाटांवर चोऱ्या थंडावल्या.

मात्र या विश्वासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८३० मध्ये हेच दल घेऊन औट्रम डांगच्या अरण्यात शिरला आणि तेथील भिल्ल राजांस त्याने नमविले. भिल्लांनी भिल्लांचे डोंगर सरकारास जिंकून दिले. पुढे १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक, भागोजी नाईक यांच्या उठावांच्या वेळी हे दल सरकारच्याच बाजूस राहिले. औट्रमच्या मनात कपट होते असे मानण्यास आधार नाही. त्याचा शब्द खरा होता. पण ज्या सत्तेच्या वतीने तो देत होता, तिचे हेतू त्याच्या शब्दाएवढे निर्मळ नव्हते. हा पेच त्याच्या उभ्या आयुष्यास पुरला.

१८३५ मध्ये त्याने खानदेश सोडला आणि महीकांठा, अफगाणिस्तान, सिंध अशी त्याची भ्रमंती झाली. १८३९ मध्ये कलात घेतल्यावर वेषांतर करून बलुची मुलखातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत त्याने केलेली घोडदौड प्रसिद्धच आहे. सिंध खालसा करण्यात अन्याय झाला असे त्याचे मत होते. म्हणून लुटीतील आपल्या वाट्याची सुमारे तीन हजार पौंडांची रक्कम त्याने स्वतःकडे न ठेवता धर्मादायास दिली आणि सर चार्ल्स नेपियरशी कायमचे वैर पत्करले. १८४४-४५ च्या गडकऱ्यांच्या बंडात तो सावंतवाडीच्या रानात होता. मनोहर व मनसंतोष हे गड पडल्यावर बंडवाले गोव्याच्या हद्दीत गेले, ही हकीकत त्या भागातील घराण्यांस अपरिचित नसावी. त्यानंतर साताऱ्यास आणि १८४७ मध्ये बडोद्यास तो रेसिडेंट झाला.

बडोद्यास त्या वेळी गणपतराव गायकवाडांची कारकीर्द होती, आणि मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांत पैसा पेरला म्हणजे कोणताही निकाल हवा तसा लागतो, अशी सर्वांची खात्री होती. यालाच खटपट म्हणत. एका सावकारी पेढीच्या मालकाची विधवा जोइतीबाई हिचे तान्हे मूल तिचे नव्हेच असा आळ घेऊन तिला कैदेत टाकले गेले आणि पेढी कारभाऱ्याच्या हाती गेली. तिची दाद कोणी घेईना. ती औट्रमने घेतली. ३१ ऑक्टोबर १८५१ रोजी त्याने खटपटीसंबंधी सविस्तर अहवाल मुंबईस धाडला. त्याची भाषा कडक होती, वरिष्ठांसही त्याने मोकळे सोडले नाही. फळ असे मिळाले, की त्यालाच पदावरून दूर व्हावे लागले! विलायतेस जाऊन त्याने आपली बाजू मांडली. संचालकांनी त्याच्या सुरावर नापसंती दर्शविली, पण कामाची वाखाणणी केली, आणि १८५४ मध्ये लॉर्ड डलहौसीने त्यास पुन्हा बडोद्यास पाठविले. मुक्काम थोडाच काळ घडला, तरी ज्या शहरात अपमान झाला तेथे तो मानाने परतला.

याच मनुष्याने १८५६ मध्ये अवध खालसा करण्याचा हुकूम बजावला. सिंधबद्दल ज्याचे मन दुखावले त्याने हे कसे केले, असा प्रश्न अभ्यासकांस पडतो. त्याचे समाधानकारक उत्तर त्याच्या चरित्रात नाही. इराणच्या मोहिमेवरून १८५७ मध्ये तो परतला, तो थेट लखनौकडे. अधिकार त्याचा असूनही जिंकण्याचा मान हॅवलॉकला मिळावा म्हणून तो त्याच्या हाताखाली साधा स्वयंसेवक होऊन लढला. पुढे जेव्हा लॉर्ड कॅनिंगने अवधच्या तालुकदारांच्या जमिनी जप्त करण्याचा जाहीरनामा काढला, तेव्हा त्यास कडाडून विरोध करणाराही औट्रमच होता. त्यामुळे त्या हुकुमाची धार काहीशी बोथट झाली.

शरीर खंगलेले असता १८६० मध्ये त्याने हिंदुस्थान सोडले. ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्समधील पो या गावी त्याचे देहावसान झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याचे दफन झाले. लंडनमध्ये टेम्सच्या काठी आणि कलकत्त्यास त्याचे पुतळे उभारण्यात आले. कलकत्त्याचा अश्वारूढ पुतळा नंतर व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारात हलविण्यात आला. भिल्लांचे दल कालांतराने पोलिसांत विलीन झाले.

खानदेशात त्याचे स्मारक निराळ्या प्रकारचे झाले. १८८० च्या खानदेश गॅझेटियरात नोंद आहे, की दलातल्या काही म्हाताऱ्या शिपायांस रानात एक लहानशी, ओबडधोबड मूर्ती सापडली. तिचा चेहरा आपल्या जुन्या साहेबासारखा दिसतो असे त्यांस वाटले. त्यांनी तिची तेथेच स्थापना केली आणि औट्रमसाहेब म्हणून ते तिची पूजा करू लागले.