जॉन केनेडींची कंबरदुखी: ऑपरेशन केव्हा, व्यायाम केव्हा?

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'गादी सरकली आहे' असे वाचले की घरात एकच प्रश्न सुरू होतो: ऑपरेशन करायचे का? तुम्ही याच प्रश्नापाशी अडला असाल, तर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची कहाणी तुमच्या उपयोगाची आहे.

दुखण्याची सुरुवात

केनेडींचा जन्म १९१७ चा. पाठीचा त्रास त्यांना तरुणपणापासूनच होता. ऑगस्ट १९४३ मध्ये प्रशांत महासागरात जपानी युद्धनौकेने धडक देऊन त्यांच्या नौकेचे दोन तुकडे केले. जखमी सहकाऱ्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दातांत धरून ते काही तास पोहत राहिले आणि बेटावर पोहोचले. त्यानंतर दुखणे वाढले.

चार ऑपरेशने

१९४४ मध्ये पहिले ऑपरेशन झाले. तेव्हा एमआरआय नव्हता. आत गादी अपेक्षेइतकी सरकलेली आढळली नाही, आणि वेदनाही गेल्या नाहीत.

ऑक्टोबर १९५४ मध्ये न्यूयॉर्कला धातूची पट्टी बसवून मणके जोडण्यात आले. केनेडींना ॲडिसनचा आजार होता. यात मूत्रपिंडावरील ग्रंथी पुरेसे हार्मोन बनवत नाहीत, त्यामुळे कोणतेही मोठे ऑपरेशन अधिक जोखमीचे ठरते. त्यांना जंतुसंसर्ग झाला, ते कोमात गेले आणि धर्मगुरूंना अंतिम संस्कारासाठी बोलवावे लागले. ते वाचले, पण फेब्रुवारी १९५५ मध्ये ती पट्टी काढावी लागली. १९५७ मध्ये पाठीतला पू काढण्यासाठी पुन्हा ऑपरेशन झाले.

मग फरक कशाने पडला?

१९५५ पासून डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी त्यांच्या दुखऱ्या स्नायूंत इंजेक्शने दिली. त्याने तात्पुरता आराम मिळे. मे १९६१ मध्ये कॅनडात झाड लावताना पाठ पुन्हा भरली आणि राष्ट्राध्यक्षांना कुबड्या घ्याव्या लागल्या. त्याच वर्षी डॉ. हान्स क्राउस यांनी तपासले, तेव्हा पोटाचे व पाठीचे स्नायू कमजोर आणि आखडलेले आढळले. आठवड्यातून तीन वेळा व्यायाम सुरू झाला आणि काही महिन्यांत त्यांची हालचाल सुधारली. दुखणे पूर्ण गेले नाही. नोव्हेंबर १९६३ मध्ये हत्या झाली त्या दिवशीही त्यांच्या कंबरेला पट्टा होता.

तुमच्यासाठी याचा अर्थ

एका माणसाच्या अनुभवावरून ऑपरेशन वाईट ठरत नाही. आजच्या तपासण्या आणि ऑपरेशने खूप सुधारली आहेत. पण मूळ मुद्दा तोच आहे: दुखण्याचे नेमके कारण सापडले असेल, तरच ऑपरेशनचा चांगला उपयोग होतो.

- नस दबून पायात किंवा हातात कळ येत असेल: बहुतेकांना औषधे, हालचाल आणि फिजिओथेरपीने काही आठवड्यांत आराम पडतो. तरीही कळ राहिली आणि एमआरआय त्या लक्षणांशी जुळला, तर ऑपरेशनने लवकर आराम मिळू शकतो.
- फक्त कंबर किंवा मान दुखत असेल: आधी व्यायाम. वय वाढते तशी अनेक निरोगी माणसांच्या एमआरआयमध्येही गादीची झीज दिसते. रिपोर्टवर नव्हे, रुग्णावर उपचार करायचे असतात.
- पट्टा: थोडे दिवस वापरायला हरकत नाही, पण त्याच्यावर विसंबून व्यायाम टाळू नका.

इथे मात्र थांबू नका

लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा, हातापायांतली ताकद कमी होत जाणे, मानेच्या दुखण्याबरोबर चालताना तोल जाणे किंवा बोटांनी बटण लावता न येणे, ताप, कारण नसताना वजन घटणे, किंवा अपघातानंतरचे दुखणे असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी ऑपरेशन लांबवल्याने कायमचे नुकसान होऊ शकते.

डॉक्टरांना हे विचारा

माझ्या दुखण्याचे नेमके कारण कोणते? ऑपरेशनने पायाची कळ जाईल की कंबरदुखीही? थांबलो तर काय होईल? माझ्या इतर आजारांमुळे धोका वाढतो का? उत्तरे नीट समजली नाहीत, तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्या. त्यात कोणाचाही अपमान नाही.