संत जेरोम यांचीं धुळाक्षरें

थोर विद्वानांना विद्या अनायासें प्राप्त होते, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते. संत जेरोम यांचें चरित्र वाचलें म्हणजे ती पार नाहींशी होते.

चौथ्या शतकांत रोमन साम्राज्यांतील स्ट्रिडॉन गांवीं त्यांचा जन्म झाला. रोम शहरीं शिकून त्यांनीं लॅटिन भाषेवर मोठें प्रभुत्व मिळविलें. पुढें सन ३७५ च्या सुमारास ते सीरियाच्या वाळवंटांत तपश्चर्येस गेले. तेथें चंचल मनास वेसण घालावी म्हणून त्यांनीं ख्रिस्ती झालेल्या एका यहूदी गृहस्थास गुरु केलें, आणि हा लॅटिन पंडित इब्री भाषेचीं धुळाक्षरें गिरवूं लागला.

इब्रींतील बावीस अक्षरांपैकीं सोळावें अक्षर ‘आयिन्’. त्याचा मूळ उच्चार कंठाच्या तळाशीं, गळा आवळून करावा लागतो. असा वर्ण लॅटिनमध्यें नव्हता; आपल्या मराठींतही नाहीं. परकीयाची जीभ आपल्या ‘ळ’पाशीं अडखळते, तसाच हा प्रकार. अशा कंठ्य अक्षरांच्या चुकांवरून यहूदी लोक आपणांस हंसतात, असें जेरोम यांनींच पुढें लिहून ठेविलें आहे. निराश होऊन त्यांनीं अभ्यास सोडला, आणि पुन्हां धरला.

सन ३८४ मध्यें रोम येथें असतांना त्यांनीं पॉला या विदुषीस पत्र लिहून प्रत्येक अक्षराच्या नांवाचा अर्थ समजाविला. ११९ वें स्तोत्र याच अक्षरांच्या क्रमानें, एकेका अक्षरास आठ वचनें, असें रचिलेलें आहे. ‘आयिन्’ म्हणजे झरा किंवा डोळा, असे दोन अर्थ त्यांनीं दिले. डोळ्यांस पाझर फुटतो असें म्हणणाऱ्या आम्हां मराठी माणसांस हा संबंध सहज पटेल.

सन ३८६ मध्यें बेथलेहेम येथें स्थायिक झाल्यावरही ते विद्यार्थीच राहिले. बारानिनास नांवाचा यहूदी गुरु स्वजनांच्या भीतीनें रात्रीं येऊन त्यांना शिकवी. पुढें सुमारें ३९० ते ४०५ या काळांत त्यांनीं जुना करार मूळ इब्रींतून लॅटिनमध्यें आणिला. आरंभीं त्यावर टीका झाली. परंतु नंतर पश्चिमेकडील ख्रिस्ती मंडळीनें शेंकडों वर्षें तेंच भाषांतर वाचिलें. सन ४२० मध्यें बेथलेहेम येथेंच त्यांचें देहावसान झालें.

वर्गांत उच्चार चुकला म्हणून कोणी हंसलें, तर आपण लगेच पुस्तक मिटतों. वाळवंटांतील तो विद्यार्थी लाजून उठला असता, तर केवढें कार्य राहून गेलें असतें, याचा आपण विचार करावा.