तोल सावरता सावरता : ओटो लिलिएन्थाल

ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत शेख इस्माईल हा तरुण मेकॅनिक स्वतःच बनवलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत गेला. मागच्या पंख्याचं पातं तुटलं होतं. अशा वेळी ओटो लिलिएन्थाल आठवतो.

जर्मनीतल्या आंक्लामला २३ मे १८४८ रोजी त्याचा जन्म झाला. लहानपणापासून भाऊ गुस्ताव्हबरोबर पक्षी बघायचा नाद. पुढे इंजिनिअर झाला, कारखाना काढला, १८८९ मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावर पुस्तक लिहिलं. १८९१ पासून ग्लायडरला लटकून सुमारे २००० उड्डाणं केली. कंट्रोल मुख्यतः एकच, अंग सरकवायचं. म्हणजे चक्क स्वतःच्या वजनाने सीजी हलवायचा! ९ ऑगस्ट १८९६ ला ग्लायडर हवेत स्टॉल झालं, ते काही सावरता आलं नाही. सुमारे १५ मीटरवरून पडला आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये वारला.

त्या बातमीने राइट बंधू विचारात पडले. १८९९ मध्ये त्यांनी पंख पिळून तोल सावरण्याची युक्ती आधी पतंगावर तपासली.

तेव्हा मित्रांनो, आपलं आरसी जेट नाक वर काढून डुलायला लागलं, तर ट्रिमशी खेळण्याआधी सीजी बघा, बॅटरी पुढे सरकवा. मॉडेल पडलं तर फोमच तुटतो. माणूस तसा जोडता येत नाही.